एक म्हणतो घरात थांबा, दुसरा म्हणतो बाहेर पडा: साथीचा आणि आपत्तीचा इशारा एकत्र का हवा?

२२ मार्च २०२० च्या सकाळी क्रोएशियाची राजधानी झाग्रेब भूकंपाने हादरली. तीव्रता पाचाच्या वर होती आणि १४० वर्षांत त्या शहराने एवढा मोठा धक्का अनुभवला नव्हता. भूकंप झाला की घराबाहेर पडून मोकळ्या जागेत यायचं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण नेमक्या त्याच आठवड्यात करोनामुळे लोकांना बजावून सांगितलं होतं की घरातच थांबा, गर्दी करू नका. कडाक्याच्या थंडीत माणसं रस्त्यावर आली. एका प्रसूतिगृहातून तर बाळंतिणींना नवजात बाळांसह, अंगावरच्या कपड्यांनिशी उघड्यावर आणावं लागलं. घरात जाऊ नका आणि एकमेकांजवळही उभे राहू नका, असं एका दमात सांगण्याची वेळ सरकारी यंत्रणेवर आली.

दोन्ही सूचना आपापल्या जागी बरोबर होत्या. फक्त त्या लिहिताना, दुसरी सूचनाही त्याच दिवशी लागू असेल, हे कुणाच्या मनात आलेलं नव्हतं.

हा विषय आता काढायचं कारण म्हणजे जगाच्या पातळीवर दोन मोठी कामं समांतर चालू आहेत. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी महासाथीच्या तयारीचा करार स्वीकारला. आणि २०२७ च्या अखेरीपर्यंत जगातल्या प्रत्येक माणसापर्यंत वादळ, पूर, उष्णतेची लाट अशा संकटांचा इशारा वेळेत पोहोचावा, असा कार्यक्रम संयुक्त राष्ट्रांनी २०२२ मध्ये हाती घेतला. त्याचं नाव ‘सर्वांसाठी पूर्वसूचना’. दोन्हीकडची माणसं वेगळी, बैठका वेगळ्या, बोलीसुद्धा वेगळी. संकटं मात्र खातेवाटप बघून येत नाहीत. मग या दोन यंत्रणा जोडाव्यात का, आणि जोडायच्या तर किती? माझं मत आधीच सांगून टाकतो: अर्ध्याच जोडाव्यात, पण तेवढा जोड पक्का हवा. कोणतं अर्धं, ते पुढे येईलच.

पूर्वसूचना म्हणजे नुसता अंदाज नव्हे

पूर्वसूचना म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उपग्रहाचं चित्र आणि त्यावर फिरणारं वादळ येतं. तो या कामाचा एक तुकडा झाला. पूर्ण यंत्रणेचे चार भाग मानले जातात. धोका कुठे आणि कुणाला आहे, हे आधी माहीत असणं. धोक्यावर सतत नजर ठेवून अंदाज बांधणं. तो अंदाज शेवटच्या माणसापर्यंत, त्याला कळेल अशा शब्दांत पोहोचवणं. आणि ऐकल्यावर काय करायचं, कुठे जायचं, याची तयारी असणं. संयुक्त राष्ट्रांच्या कार्यक्रमात या चार भागांची धुरा चार वेगवेगळ्या संस्थांकडे आहे: आपत्ती धोका कमी करण्याचं काम पाहणारं कार्यालय, जागतिक हवामान संघटना, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ आणि रेडक्रॉस व रेड क्रेसेंटचा महासंघ. या चौघांत जागतिक आरोग्य संघटना नाही, हे जाता जाता लक्षात ठेवण्यासारखं.

नुसता अंदाज असून भागत नाही, याचा सगळ्यात भीषण पुरावा १९७० चा. त्या वर्षी १२ नोव्हेंबरला भोला चक्रीवादळ तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानवर आदळलं. ते येतंय हे हवामानखात्याला उपग्रहामुळे दिसलं होतं. तरी ३ ते ५ लाख माणसं गेली, कारण इशारा एक तर पोहोचला नाही, किंवा पोहोचला तरी जायचं कुठे हे कुणाला माहीत नव्हतं. पुढे बांगलादेशाने चारांपैकी या शेवटच्या दोन भागांवर मेहनत घेतली. भोंगे, झेंडे, सायकलवरून फिरणारे स्वयंसेवक, उंचावर बांधलेली निवारा केंद्रं. आज तिथे ७६ हजारांच्या आसपास स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. २०२० मध्ये अम्फान आलं तेव्हा बांगलादेशातल्या मृत्यूंचा आकडा दोन अंकी राहिला. १९७० मध्ये तो लाखांत होता.

माझा मुद्दा समजायला एखाद्या उंच इमारतीची कल्पना करा. धूर झाला की वाजणारा गजर वेगळा असतो, गॅस गळतीचा वेगळा. दोन्ही उपकरणं एकमेकांच्या कामाची नाहीत आणि त्यांना जबरदस्तीने एकत्र करण्यात शहाणपण नाही. पण माणसं उतरतात तो जिना एकच असतो. कारण काहीही असो, जिना मोकळा हवा, त्यावर दिवा हवा आणि तो कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक हवं. साथ आणि नैसर्गिक आपत्ती यांचे गजर वेगळे राहू देत. वर सांगितलेले शेवटचे दोन भाग, म्हणजे इशारा पोहोचवणं आणि त्यानंतरची हालचाल, हा आपला सामाईक जिना.

महासाथीचं भाकीत करता येत नाही, मग इशारा कसला?

हा आक्षेप रास्त आहे. कुठल्या प्राण्यातून कुठला विषाणू कधी माणसात उडी मारेल, हे कुणी सांगू शकत नाही. पण भूकंपाचंही भाकीत करता येत नाही. तरी जपानमध्ये २००७ पासून सर्वसामान्यांना भूकंपाचा इशारा मिळतो. भूकंपातून दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिल्या वेगवान पण सौम्य असतात, दुसऱ्या हळू पण विध्वंसक. पहिल्या लहरी टिपल्या की दुसऱ्या पोहोचण्याआधी काही सेकंद हातात येतात. तेवढ्यात धावत्या रेल्वेगाड्यांना ब्रेक लागतो, लोक टेबलाखाली शिरतात. म्हणजे जमिनीखाली घटना घडून गेलेली असते. इशारा तिच्या परिणामांच्या थोडा पुढे धावतो.

साथीच्याही अशा सौम्य लहरी असतात. त्यांच्यावर नजर ठेवण्याच्या कामाला रोगसर्वेक्षण म्हणतात. ते दोन तऱ्हांनी चालतं. एक म्हणजे ठरलेल्या दवाखान्यांनी ठरलेल्या आजारांचे आकडे दर आठवड्याला पाठवायचे. दुसरी तऱ्हा म्हणजे कानावर येणाऱ्या बातम्या तपासायच्या: अमुक ठिकाणी गुरं अचानक मरताहेत, एकाच वसतिगृहातली मुलं तापाने फणफणली आहेत, डॉक्टरांना न ओळखता येणारा न्यूमोनिया दिसतोय. ३१ डिसेंबर २०१९ रोजी वुहानच्या आरोग्य आयोगाच्या संकेतस्थळावरचं निवेदन जागतिक आरोग्य संघटनेच्या चीनमधल्या कार्यालयाने टिपलं, ते या दुसऱ्या तऱ्हेचं काम. त्यानंतर आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर व्हायला ३० जानेवारी उजाडला.

सांडपाणीसुद्धा बोलतं. २०१३ मध्ये इस्रायलमध्ये सांडपाण्याच्या नमुन्यांत पोलिओचा विषाणू सापडला. एकाही मुलाला लकवा झालेला नव्हता. तेवढ्यावर देशाने मुलांना तोंडावाटे लस देण्याची मोहीम काढली आणि पुढेही लकव्याचा रुग्ण निघाला नाही.

काही साथींच्या बाबतीत तर हवामानावरून खरोखरच अंदाज बांधता येतो. पूर्व आफ्रिकेत रिफ्ट व्हॅली ताप नावाचा रोग आहे. तो गुरांना होतो आणि त्यांच्यापासून माणसांना. त्याच्या विषाणूला वाहून नेणाऱ्या डासांची अंडी कोरड्या खोलगट जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतात. भरपूर पाऊस पडून त्या जागा तुडुंब भरल्या की ती उबतात. भरपूर पाऊस कधी पडणार, याची चाहूल समुद्राच्या तापमानावरून आधीच लागते. २००६ मध्ये एल निनोची स्थिती तयार होत असताना अमेरिकी शास्त्रज्ञांनी उपग्रहांच्या नोंदींवरून पूर्व आफ्रिकेसाठी इशारा दिला, आणि माणसांत रोग दिसण्याच्या दोन ते सहा आठवडे आधी धोक्याचे भाग नकाशावर दाखवले. नकाशा बराचसा बरोबर निघाला. पण केनियात गुरांच्या लसीकरणाने जोर धरला तो माणसं आजारी पडायला लागल्यावर. त्या साथीत केनिया, सोमालिया आणि टांझानियात मिळून ३०० हून अधिक माणसं दगावली. गजर वेळेवर वाजला होता. जिन्यावर अंधार होता.

पुरामागून येणारं वेळापत्रक

सगळ्यात आधी एक गैरसमज बाजूला करू. मोठ्या आपत्तीनंतर मृतदेहांमुळे साथ पसरते, असं सर्रास मानलं जातं आणि त्यापायी घाईघाईने, ओळख न पटवता सामूहिक दफन होतं. अपघाताने दगावलेल्या माणसाच्या शरीरात साथ पसरवणारा जंतू बहुधा नसतोच. कॉलरासारख्या आजाराने मेलेल्यांबाबत काळजी घ्यावी लागते, ते वेगळं. खरा धोका असतो वाचलेल्यांना: त्यांच्या पिण्याच्या पाण्याला, त्यांच्या दाटीवाटीला आणि बंद पडलेल्या दवाखान्यांना.

हा धोका अचानक येत नाही. त्याचं बरंचसं वेळापत्रक ठरलेलं असतं. कॉलराचा जंतू पोटात गेल्यापासून काही तासांत ते पाच दिवसांत लक्षणं दिसतात. प्राण्यांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून चालल्याने होणारा लेप्टो बहुतेकदा पाच ते चौदा दिवसांनी डोकं वर काढतो. डासांचं गणित जरा फसवं असतं. पुराच्या लोंढ्यात डासांच्या अळ्या वाहून जातात, त्यामुळे सुरुवातीला डास कमी झाल्यासारखे वाटतात आणि यंत्रणा निर्धास्त होते. पाणी ओसरलं की मागे डबकी राहतात. त्यांत नवी पैदास होते, ते डास आजारी माणसाला चावतात, जंतू डासाच्या अंगात वाढतो, मग तो दुसऱ्याला चावतो. हे सगळं होईपर्यंत मलेरियाच्या बाबतीत साधारण सहा ते आठ आठवडे जातात. तोवर कॅमेरे परत गेलेले असतात, मदत छावण्या गुंडाळत आलेल्या असतात आणि बाहेरून आलेले डॉक्टर आपापल्या गावी पोहोचलेले असतात.

पाकिस्तानात २०२२ च्या महापुरानंतर हेच झालं. २०२१ मध्ये तिथे मलेरियाचे सुमारे ५ लाख रुग्ण नोंदले होते. पुराच्या वर्षी तो आकडा २६ लाखांवर गेला. गोवराचा संबंध पाण्याशी नसून गर्दीशी. फिलिपिन्समध्ये १९९१ साली पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि विस्थापित झालेल्या लोकांत गोवराचे १८ हजारांहून अधिक रुग्ण निघाले. भूकंपाची धूळसुद्धा आजार देते, हे वाचून मीही चकित झालो होतो: १९९४ च्या कॅलिफोर्नियातल्या भूकंपात दरडी कोसळून उडालेल्या धुळीबरोबर मातीतली बुरशी लोकांच्या फुफ्फुसांत गेली. २०३ जण आजारी पडले, तिघे दगावले.

याचा साधा अर्थ असा, की पुराच्या इशाऱ्याच्या पोटात आजारांचा इशारा आधीच असतो. नदी धोक्याची पातळी ओलांडणार, हे तीन दिवस आधी कळलं तर त्याच कागदावर आज क्लोरीनच्या गोळ्या हलवा, दहाव्या दिवशी तापाच्या रुग्णांत लेप्टो शोधा, पाचव्या आठवड्यात मलेरियाच्या तपासणीची किट पोहोचवा, असं लिहिता येतं. यासाठी नवं विज्ञान लागत नाही. लागतं ते एवढंच, की नदीची पातळी मोजणाऱ्याचा निरोप आरोग्याधिकाऱ्याकडेही जावा आणि त्याच्याकडे त्या निरोपाला जोडलेली कामांची यादी तयार असावी.

हे जमलेलं एक उदाहरण मोझांबिकचं. मार्च २०१९ च्या मध्यावर इदाई चक्रीवादळाने बैरा शहर आणि परिसर उद्ध्वस्त केला. २७ मार्चला कॉलराची साथ जाहीर झाली आणि ३ एप्रिलला तोंडावाटे द्यायच्या लशीची मोहीम सुरू झालीसुद्धा. काही दिवसांत ८ लाखांवर लोकांना लस मिळाली. रुग्ण हजारोंच्या घरात गेले, पण मृत्यू दहाच्या आतच राहिले. कॉलरा येणार हे तिथे गृहीत धरलं होतं आणि जगाच्या आणीबाणीच्या साठ्यात लस तयार होती, म्हणून हा वेग शक्य झाला.

हैतीत मात्र वेळापत्रकाने दगा दिला. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर महिनोन्‌महिने कॉलरा आलाच नाही. त्या देशात तो शंभर वर्षं नव्हता. ऑक्टोबरमध्ये तो आला तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरून नदीत गेलेल्या सांडपाण्यातून. जवळपास १० हजार माणसं दगावली. आपत्तीनंतर मदतीला येणारी माणसंही धोक्याच्या नकाशात धरावी लागतात, हे जगाला फार महागात शिकावं लागलं.

निवारा केंद्राच्या दारात

दोन यंत्रणा प्रत्यक्षात कुठे भेटतात, तर निवारा केंद्राच्या दारात. मे २०२० मध्ये अम्फान येत होतं आणि करोनाही ऐन भरात होता. निवाऱ्यात माणसं कोंबली तर साथ, नाही कोंबली तर वादळ. बांगलादेशाने शाळा आणि इतर पक्क्या इमारती ताब्यात घेऊन केंद्रांची संख्या १४ हजारांच्या पुढे नेली, म्हणजे तेवढीच माणसं जास्त छपरांखाली विरळ बसली. २४ लाखांच्या आसपास लोक हलवले गेले. भारताच्या किनाऱ्यावर आणखी एक पेच होता. वादळासाठी बांधलेल्या काही केंद्रांत परतलेल्या मजुरांचं विलगीकरण चालू होतं. इमारत एकच, हक्क दोन खात्यांचा, आणि वादळ दोन दिवसांवर.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये हॅरॉल्ड चक्रीवादळाने प्रशांत महासागरातल्या वानुआतूला झोडपलं. त्या देशात करोनाचा एकही रुग्ण नव्हता आणि तो येऊ नये म्हणून सीमा बंद होत्या. त्यामुळे बाहेरून आलेलं मदतीचं सामान निर्जंतुक करून काही दिवस अडवून ठेवावं लागलं आणि परदेशी तज्ज्ञांना प्रवेशच मिळाला नाही. विषाणू शिरला नाही खरा. ताडपत्र्याही उशिरा पोहोचल्या. स्थानिक संस्थांनी मदतीचं काम अंगावर घेतलं म्हणून निभावलं.

निवाऱ्यात शिरल्यावरचं काम दिसायला किरकोळ असतं. रोज संध्याकाळी एक जण वही घेऊन खोलीखोलीतून फिरतो. किती माणसं आहेत? ताप किती जणांना? जुलाब? अंगावर पुरळ? डोळे पिवळे कुणाचे? सगळे रकाने भरून आकडे वर पाठवायचे. यात सगळ्यात मोलाचा आकडा असतो शून्य. जुलाबाच्या रकान्यात शून्य लिहून आलं तर कळतं की कुणीतरी जाऊन पाहिलंय. काहीच आलं नाही तर सगळं ठीक आहे की फोनची बॅटरी संपली आहे, हे वर बसलेल्याला कळायला मार्ग नसतो. रकाना रिकामा ठेवणं आणि शून्य लिहिणं यात हा एवढा फरक आहे आणि तो स्वयंसेवकाला वादळाच्या आदल्या दिवशी शिकवून होत नाही.

अशा जागांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने एक तयार पेटी बनवली आहे. तिच्यात ६० मोबाइल, लॅपटॉप, एक छोटा सर्व्हर आणि सौरऊर्जेवर चार्ज करायची सोय असते. वीज आणि इंटरनेट कोलमडलेल्या भागातही साधारण ५० दवाखाने, म्हणजे सुमारे ५ लाख लोकसंख्येवर, एका पेटीने नजर ठेवता येते. पेटी उत्तम आहे. पण ती बहुधा आपत्ती येऊन गेल्यावर विमानात चढते. वादळाचा इशारा आला की पेटी निघाली, असं का होऊ नये?

गजर खोटा निघाला तर?

तर लोक चिडतील आणि पुढच्या वेळी ऐकणार नाहीत, ही भीती खरी आहे. १३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेच्या हवाई राज्यात सगळ्यांच्या मोबाइलवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा चुकून गेला आणि तो चुकीचा होता, हे त्याच मार्गाने कळवायला ३८ मिनिटं लागली. साथीच्या बाबतीतलं उदाहरण १९७६ चं. अमेरिकेत एका लष्करी तळावर स्वाइन फ्लूचा नवा प्रकार दिसला. सरकारने धसका घेऊन ४ कोटींवर लोकांना लस टोचली. साथ आलीच नाही. उलट लसीकरणानंतर काही जणांना मज्जातंतूंचा दुर्मीळ आजार झाल्याचं दिसलं आणि मोहीम थांबवावी लागली.

पण इथे वादळ आणि साथ यांच्यात एक मूलभूत फरक आहे आणि तो समजला नाही तर साथीचा प्रत्येक इशारा खोटा वाटत राहील. किनारा रिकामा केला म्हणून वादळ दिशा बदलत नाही. ते येतं, घरं पाडतं आणि इशारा खरा होता हे सगळ्यांना दिसतं. साथीचं उलटं. लोकांनी इशारा ऐकला, गर्दी टाळली, लस घेतली, तर साथ खरोखरच लहान होते. मग लोक विचारतात, एवढा गाजावाजा कशासाठी केला होता? साथीच्या इशाऱ्याला स्वतःचं यश सिद्ध करता येत नाही, हे त्याचं दुर्दैव.

यावरचा तोडगा हवामानखात्यांकडून उसना घ्यावा. ती हो किंवा नाही असं सांगत बसत नाहीत. रंगांच्या पायऱ्या देतात आणि शक्यता बोलून दाखवतात. प्रत्येक पायरीला आपली कामं जोडलेली असतात. पिवळ्या रंगाला अशी कामं ठेवायची, की संकट आलं नाही तरी ती वाया जाऊ नयेत: साठा मोजणं, सुट्टीवरच्यांना कळवणं, पाण्याची तपासणी. शाळा, बाजार, वाहतूक बंद करण्यासारखे महाग निर्णय लाल रंगासाठी. १९७६ मध्ये चूक इशाऱ्याची नव्हती असं माझं मत. पिवळ्या रंगाला लाल रंगाचं काम जोडलं, ही चूक होती. लस बनवून साठवता आली असती; टोचण्याचा निर्णय पुढच्या खुणेपर्यंत थांबवता आला असता.

नदी लपवाछपवी करत नाही

दोन यंत्रणा जोडण्याची चर्चा तंत्रज्ञानापाशी संपत नाही. नदीची पातळी जाहीर केली म्हणून कुणी त्या देशाचा माल घेणं थांबवत नाही. साथीचं तसं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी करोनाचा ओमिक्रॉन प्रकार ओळखून तत्परतेने जगाला कळवला. लगोलग एकामागून एक देशांनी तिथली विमानं बंद केली. खरं बोलल्याची ही शिक्षा. पुढचा देश कळवण्याआधी दहादा विचार करणार नाही का? म्हणून साथीच्या इशाऱ्याला नुसते संवेदक आणि नकाशे पुरत नाहीत. कळवणाऱ्याचं नुकसान होणार नाही, याची हमीही लागते. महासाथ करारातसुद्धा जंतूंचे नमुने देणाऱ्या देशांना बदल्यात लस आणि औषधांचा किती वाटा मिळावा, हाच मुद्दा इतका अडला, की तो वेगळ्या परिशिष्टासाठी ठेवून बाकीचा करार मंजूर करावा लागला.

माणसांच्या पातळीवरही हेच. नदीला खासगी आयुष्य नसतं, रुग्णाला असतं. निवाऱ्याच्या वहीतून वर जायला हवेत ते आकडे, नावं नव्हेत. कुणाला ताप आहे हे गावभर होणार असेल, तर लोक ताप लपवतील आणि वहीत शून्यच शून्य येतील.

मग सगळं एकाच खात्याकडे का देऊ नये?

नको. विषाणूची जनुकीय तपासणी करणाऱ्याने वादळाचा मार्ग काढू नये आणि उलटही नको. मोठ्या एकत्रित खात्यात सध्या जे संकट गाजतंय त्याला पैसा मिळतो आणि दुसरं उपाशी राहतं. शिवाय कागदोपत्री एकमत जुनंच आहे. २०१५ च्या सेंडाई आराखड्यात, म्हणजे आपत्तींचा धोका कमी करण्याच्या जागतिक आराखड्यात, जैविक धोकेही धरलेले आहेत. त्यावर काय करायचं, याची तत्त्वं २०१६ मध्ये बँकॉकला ठरली. चार वर्षांनी करोना आला तेव्हा अनेक देशांत आपत्तीवाले आणि आरोग्यवाले एकमेकांचे फोन नंबर शोधत होते.

सामाईक असावं ते पुढचं सगळं. २५ मार्च २०२० च्या संध्याकाळी न्यूझीलंडमध्ये लोकांचे मोबाइल एकदम कर्कश वाजले. ही यंत्रणा त्सुनामी आणि भूकंपासारख्या संकटांसाठी उभारलेली होती. त्या दिवशी तिच्यावरून टाळेबंदीचा संदेश गेला. नवं ॲप काढावं लागलं नाही. भारतातही देशव्यापी टाळेबंदीचा आदेश निघाला तो २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली; साथींचा कायदा १८९७ चा होता. म्हणजे जिना गरजेपोटी वापरला गेलाच. तो आधीपासून दोघांचा आहे असं मानून बांधलेला नव्हता, एवढंच.

तसं मानलं तर बदल फार मोठे नाहीत. नियंत्रण कक्षात आरोग्य खात्याच्या माणसाची खुर्ची कायमची असावी. स्वयंसेवकांना झेंडे आणि भोंग्याबरोबर मास्क, हात धुणं आणि ती संध्याकाळची वही शिकवावी. निवाऱ्याची क्षमता दोन आकड्यांत लिहावी: एरवी इतकी, साथ असताना इतकी. आणि रंगीत तालीम घेताना निदान एखाद वेळी दोन्ही संकटं एकाच दिवशी आणावीत. तालमी बहुधा एकेका संकटाच्या होतात, कारण त्या सोप्या असतात आणि फोटो चांगले येतात.

पैसा कधी सुटणार?

जागतिक बँकेने २०१७ मध्ये महासाथीसाठी विम्यासारखी एक योजना आणली. गुंतवणूकदारांनी रोखे घ्यायचे. साथ आली की त्यातले पैसे गरीब देशांना मिळायचे. पण अटी इतक्या किचकट होत्या, की २०१८ ते २०२० दरम्यान काँगोत इबोलाने २ हजारांहून जास्त बळी घेतले तरी विम्याचे पैसे सुटले नाहीत, कारण दुसऱ्या देशातही ठरावीक मृत्यू व्हायला हवे होते. करोनात पैसे मिळाले ते एप्रिल २०२० मध्ये, जग बंद झाल्यावर: सुमारे १९.६ कोटी डॉलर, तेही ६४ देशांत वाटून. पुढच्या वर्षी योजना बंद झाली. किती माणसं मेली हे मोजून सुटणाऱ्या पैशाला पूर्वतयारीचा पैसा म्हणवत नाही.

त्याच २०२० च्या जुलैत बांगलादेशात पूर येणार, असा अंदाज आला. संयुक्त राष्ट्रांच्या आणीबाणी निधीतून ५२ लाख डॉलर सुटले, पूर शिगेला पोहोचण्याच्या आधी. अट साधी होती: अंदाजातली पाण्याची पातळी ठरलेल्या रेषेच्या वर जाणं. त्या पैशातून कुटुंबांच्या हाती मोबाइलवरून रोख रक्कम गेली, जनावरांना चारा गेला, सामान कोरडं ठेवायला पिंपं गेली आणि स्त्रियांसाठी स्वच्छतेच्या वस्तूंची पाकिटंही गेली.

परवडण्याचा प्रश्न उरतो. ‘सर्वांसाठी पूर्वसूचना’ या कार्यक्रमाचा २०२३ ते २०२७ चा अंदाजित खर्च ३१० कोटी डॉलर आहे, म्हणजे ज्यांना त्याचा लाभ होईल अशा माणशी वर्षाला अर्धा डॉलर. वादळाचा इशारा २४ तास आधी मिळाला तर नुकसान ३० टक्क्यांनी कमी होऊ शकतं, असं हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठी नेमलेल्या जागतिक आयोगाने २०१९ मध्ये म्हटलं होतं. त्या हिशेबात पुरानंतरच्या कॉलरा आणि मलेरियाचा खर्च वेगळा धरायची गरज नाही, कारण जोड देण्यासाठी लागणारं सामान स्वस्त आहे. बांगलादेशात साबण आणि सॅनिटरी पॅडचा पैसा नदीच्या अंदाजावर सुटला होता. त्याच यादीत जलसंजीवनीची पाकिटं, क्लोरीनच्या गोळ्या आणि मलेरियाच्या चाचण्या घालायच्या, तर दोन-तीन ओळी वाढतात. ते सामान कुणाच्या गोदामात राहील आणि त्याची किल्ली कुणाकडे असेल, हे मात्र पावसाळ्याच्या आधी ठरवून ठेवावं लागतं.